पाणी कुठल्या हाताला

मुंबईत वाढलेल्या माणसाला दिशा शिकवाव्या लागत नाहीत, असा आपला एक समज असतो. ईस्ट आणि वेस्ट, मधे रेल्वेलाइन, वेस्टला चालत सुटलं की कधी ना कधी समुद्र लागणारच, विषय संपला. चर्चगेटहून बोरिवलीकडे तोंड करून उभं राहा, पाणी डाव्या हाताला. हे डोक्यात इतकं फिट्ट बसलेलं असतं की आपण त्याचा विचारही करत नाही, आणि मग कोचीसारख्या गावात जातो जिथे जिकडे बघावं तिकडे पाणीच आहे, आणि तीच सवय आपल्याला बरोब्बर उलट्या दिशेला नेऊन सोडते.

डिसेंबरात गेलो होतो, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, सत्तरी ओलांडलेली, सगळी नोकरी टपाल खात्यात आणि त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलाला आता आमच्याबरोबर कुठे यायचंच नसतं, म्हणून दोघीच. आत्याबरोबर प्रवास सोपा असतो कारण तिला काहीही चालतं, आणि अवघड असतो कारण ती कुणालाही काहीही विचारते, तेही मराठीत. "अहो, हा रस्ता कुठे निघतो?" असं तिने फोर्ट कोचीच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर एका उघड्या पाठीच्या गोऱ्या टुरिस्टला विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. त्याने हात करून दाखवलंही बिचाऱ्याने.

फोर्ट कोचीत हरवायला तशी जागाच नाही. पाच-सहा मुख्य गल्ल्या, प्रत्येक गल्लीत होमस्टे, कॅफे, लाकडी खिडक्या, नाताळच्या आधीचे दिवस असल्यामुळे घराघरावर कागदी चांदण्या टांगलेल्या. बघण्यासारखं ते सगळं आम्ही भराभर बघून टाकलं. सेंट फ्रान्सिस चर्चमधे वास्को द गामाला पुरलं होतं ती जागा आहे, तो इथे कोचीतच वारला, १५२४ च्या डिसेंबरात, आणि १५३९ मधे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. आत्याने कठड्यातून आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे आत कुणी नाहीच? आणि एवढी माणसं बघतायत काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिनी जाळ्यांपाशी मात्र ती हलेना. ती प्रचंड जाळी कशी वरखाली होतात हे तिला कळून घ्यायचं होतं. सोपं आहे खरं तर, सगळा खेळ वजनाचा. मागच्या बाजूला दोरांना ओळीने दगड बांधलेले, पुढे जाळं, माणसं दोर ओढतात तसतसे दगड एकेक करून खाली टेकत जातात आणि ते अजस्र धूड पाण्याबाहेर येतं. आत चार मासे आणि बऱ्यापैकी शेवाळ. "एवढ्याशासाठी एवढी माणसं," आत्या म्हणाली, आणि मग लगेच, "आमच्या ऑफिसातही असंच होतं."

मट्टांचेरीला रिक्षाने गेलो. राजवाडा बघितला, जो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कोचीच्या राजाला बांधून दिला, नंतर डचांनी दुरुस्त केला म्हणून त्याचं नाव डच पॅलेस पडलं (म्हणजे बांधलं एकाने, नाव दुसऱ्याचं, आपल्या सोसायट्यांमधेही चालतं हे). भिंतींवरचं रामायण आत्याला आवडलं. मग ज्यू टाऊन, १५६८ चं परदेशी सिनेगॉग, पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, रिक्षा कशाला, परत फोर्ट कोचीला चालत जाऊ, दोन किलोमीटर तर आहे. आहेही तेवढंच. सरळ उत्तरेला, बाजार रोडने, नाकासमोर चालायचं.

बाजार रोड म्हणजे मट्टांचेरीचा कणा. दोन्ही बाजूंना जुन्या वखारी, जाड भिंती, कौलं, दारात पोती. हातगाड्या, तांदळाचे ट्रक, आणि वास. आधी मिरी, मग सुकी मिरची, आणि मग एकदम सुंठ, इतकी की नाकातून पार डोक्यात जाते. मी पुढे होते. एका वखारीचं दार सताड उघडं होतं, आत काळोख, आणि काळोखाच्या पार टोकाला दुसरं दार, त्यातून चक्क पाणी चमकत होतं. उजव्या हाताला.

तर माझं गणित असं चाललं: पाणी उजव्या हाताला, म्हणजे समुद्र उजव्या हाताला, म्हणजे पश्चिम उजवीकडे, म्हणजे आपण दक्षिणेला चाललोय, म्हणजे उलटे चाललोय. आभाळ भरलेलं, सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हतं. फोनवरचा निळा ठिपका वखारींच्या मधे उड्या मारत होता, एकदा तर त्याने आम्हाला पाण्यातच उभं केलं. मी म्हटलं, आत्या, उलट फिरूया. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, अगं समुद्र बघ ना कुठल्या बाजूला आहे. आणि आलो तोच रस्ता परत कशाला तुडवा म्हणून आतल्या गल्लीने निघालो, चांगल्या झपाझप, उत्तरेला जातोय समजून दक्षिणेला.

ते पाणी समुद्राचं नव्हतंच. मट्टांचेरीच्या पूर्वेला बॅकवॉटर आहे, खाडीच म्हणा ना. त्याच्यापलीकडे विलिंग्डन बेट, जे १९२० नंतर रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियरने बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून वाढवत नेलं, त्याच्यापलीकडे पुन्हा पाणी, आणि मग एर्नाकुलम. खरा अरबी समुद्र मागे, पश्चिमेला, घरांच्या पाठीमागे कुठेतरी. आणि हे सगळं नकाशावर आदल्या रात्री मीच आत्याला समजावून सांगितलं होतं.

आतल्या गल्ल्यांत शिरल्यावर टुरिस्ट एकदम संपले. असं कापून टाकल्यासारखे. पुरातन वस्तूंची दुकानं गेली, आणि टायर, शाळेचे युनिफॉर्म, मोबाईल रिपेअर, झेरॉक्स असं सगळं माणसांच्या उपयोगाचं सुरू झालं. एका वळणावर गुजराती पाटी, पुढच्या वळणावर मशीद, मग एक बाई दक्षिणी हिंदीत पोराला हाका मारतेय. मट्टांचेरीत इतक्या जातीची माणसं येऊन राहिली आहेत, कच्छी, गुजराती, तमिळ, कोंकणी, की कुठल्या भाषेत रस्ता विचारायचा तेच कळत नाही. आत्याचा प्रश्न नव्हता, ती मराठीतच विचारत होती.

आणि इथे तिची नोकरी कामाला आली. मी फोन हलवत, फिरवत उभी, आणि ही बाई दुकानांच्या पाट्या वाचतेय. मल्याळम तिला येत नाही, इंग्रजी बेताचं, पण पाटीच्या तळाशी पत्ता असतो आणि पत्त्याच्या शेवटी पिनकोड. "६८२००२," ती म्हणाली. पुढच्या दुकानावर, "६८२००२." मग मला, "तुझ्या त्या बाईने खोलीची पावती दिली त्याच्यावर काय होतं? ६८२००१. फोर्ट कोची एक, हे दोन. अजून आपण दोनातच आहोत. एक लागेपर्यंत चालायचं."

मला हसू आलं पण मुद्दा बिनतोड होता. रस्त्यात उभं राहून तिने मला सगळं सांगितलं, जे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि कधी मन लावून ऐकलं नव्हतं. पहिला आकडा विभागाचा, सहा म्हणजे तमिळनाडू-केरळ. पहिले तीन मिळून सॉर्टिंग जिल्हा, ६८२ म्हणजे कोची. शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. लक्षद्वीपची बेटंसुद्धा ६८२ मधेच येतात, कवरत्तीचा पिन ६८२५५५. "तिकडची पत्रं इथल्याच गठ्ठ्यात बांधायची," आत्या म्हणाली, जणू कालपरवाच बांधली होती. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, खात्यातले बडे अधिकारी आणि वर संस्कृत कवी. आत्याच्या बोलण्यात वेलणकरांचा उल्लेख नेहमी 'वेलणकर साहेब' असा येतो. तिने त्यांना कधी पाहिलेलं नाही.

अडचण एवढीच की पिनकोड तुम्ही कुठे आहात ते सांगतो, कुठल्या बाजूला जावं ते सांगत नाही. त्यामुळे आम्ही दोन-दोन-दोन वाचत दोनाच्याच पोटात खोल खोल शिरत गेलो.

शेवटी एका घराच्या अंगणात एक बाई कापडावर पापड वाळत घालत होत्या, ढगाळ हवेत, भलत्या आशावादी. आत्याने विचारलं, "अहो ताई, फोर्ट कोची कुठे?" त्या ताई सरळ उभ्या राहिल्या, आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "खंय वच्चका?"

आत्याचा चेहरा बघायला हवा होता. आमचं मूळ देवगडकडचं. मला मालवणी समजतं, बोलता येत नाही, मुंबईच्या पोरांचं असतं तसं. पण आत्या तिथल्या तिथे सुरू झाली, "आमका फोर्ट कोचीक जावचा हा गे बाय," आणि त्या दोघींचं जे काही जुळलं म्हणता. त्यांची कोंकणी वेगळी, मधे मल्याळम मिसळलेली, हिची मालवणी, निम्मं एकमेकींना कळत नसणार, पण दोघी थांबायला तयार नाहीत. आम्ही चेरलाईत होतो. गौड सारस्वतांची जुनी वस्ती, जवळच त्यांचं तिरुमल देवस्थान. पोर्तुगीज गोव्यात आले, बाटवाबाटवी सुरू झाली, तेव्हा सोळाव्या शतकात ही माणसं समुद्रमार्गाने खाली उतरली ती इथे. गंमत बघा, ज्यांच्यामुळे गोवा सोडला ते पोर्तुगीज इथे आधीच येऊन बसलेले. म्हणून राहिले कुठे, तर किल्ल्याबाहेर, राजाच्या हद्दीत. पुढे डच आले, आणि त्यांच्या वान ऱ्हेड नावाच्या गव्हर्नरने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचं पुस्तक करवून घेतलं, 'हॉर्टस मलबारिकस'. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात तीन कोंकणी वैद्यांचं, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचं, एक पत्र छापलंय, कोंकणीत, नागरी अक्षरात, ॲमस्टरडॅमला. म्हणजे आपल्याकडे छापखाना धड यायच्या आत आपली अक्षरं हॉलंडात छापून मोकळी, तीही इथल्या दोन-तीन भटांच्या सहीने.

ताईंनी रस्ता सांगितला, पण त्यांच्या सांगण्यात रस्त्याचं नाव एकही नव्हतं, देवळाच्या मागून, अमक्याच्या घरापुढून, जिथे पूर्वी आंब्याचं झाड होतं तिथे वळून. झाड आता नाही हे त्यांनीच सांगितलं. पापड मात्र आम्ही घेतले.

झाड नसलेलं वळण शोधताशोधता आम्ही एका अशा बोळात आलो की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हावं. आणि तिथे एका उघड्या दारातून आत्याला भिंतीवर काय दिसावं, तर कालनिर्णय. मराठी. शेजारी महाराजांची तसबीर.

आत एक माणूस बनियनवर बसला होता, पुढ्यात भट्टी. गलाईचं दुकान. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी-तासगाव पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत हे मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं. तिकडे पाऊस नाही, शेती धड नाही, म्हणून पोरं भट्टीवर शिकायला मामाकडे नाहीतर चुलत्याकडे पाठवायची, ते कुठे असतील तिथे, त्रिचीला, कोईमतूरला, अमृतसरला.

"कुठल्या म्हणायच्या?"

"दादरच्या," आत्या म्हणाली.

"आमी विट्याच्या अलीकडचं. या की, बसा मावशी. च्या सांगतो."

चहा येईपर्यंत त्याचं काम थांबलं नाही. आतल्या मुशीत सोनाराकडून आलेला भुगा आणि तुटके डाग होते, त्यावर त्याने चिमूटभर टाकणखार टाकला, आच वाढवली. टाकणखार वितळून वरती काचेसारखा तरंगायला लागतो आणि मळ धरून ठेवतो, हे तो माझ्याकडे न बघता सांगत होता, नजर सगळी मुशीवर. मग चिमट्याने मूस उचलली आणि एका दमात साच्यात ओतली. जराही सांडलं नाही. लगड थंड झाल्यावर पाण्यात टाकली, चर्र झालं, बाहेर काढून ब्रशने घासली आणि आत्याच्या तळहातावर ठेवली. "बघा, गरम हाय अजून." माझ्या हातात दिली नाही. जमिनीवरची झाडलेली धूळसुद्धा तो एका डब्यात भरून ठेवत होता. त्यातही सोनं असतं म्हणे, वर्षाकाठी धुऊन काढतात.

वडील आधी तमिळनाडूत होते, मग इथे आले. ह्याची पोरगी मल्याळम मीडियमला आहे आणि मराठी बोलते ती फक्त आजीशी, फोनवर. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, माहिती म्हणून सांगितलं.

रस्ता मात्र त्याने दोन वाक्यात दिला. "ह्या बोळातनं सरळ खाली जावा, बाजार रोड लागतो. मग पाणी उजव्या हाताला धरायचं आन् सोडायचं न्हाई, कल्वत्तीचा पूल लागंस्तोवर."

"उजव्या?" मी म्हटलं.

"उजव्या. दर्या नव्हं त्यो, खाडी."

आत्या चहा पिता पिता म्हणाली, "मग बरोबर आहे. बंदर पूर्वेलाच असणार. आपलं नाही का?"

आणि मला खरंच एक मिनिट लागलं. आपलं म्हणजे मुंबईचं. मी वेस्टची, माझ्या लेखी समुद्र म्हणजे दादर चौपाटी, वरळी सीफेस, मरीन ड्राईव्ह, संध्याकाळी कणीस खात बघायचा. पण त्या समुद्रावर धंदा कुणी केला? गोद्या सगळ्या पूर्वेला, माझगाव, प्रिन्सेस डॉक, दाणाबंदर, मस्जिद बंदर, शिवडीपर्यंत. आत्या लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायची आणि देवगडला उतरायची, तिच्यासाठी गावचा रस्ता पूर्वेच्या पाण्यातून सुरू व्हायचा. उघड्या समुद्राला पाठ करून खाडीकडे तोंड करायचं, ही तर अख्ख्या किनाऱ्याचीच रीत. दाभोळ वाशिष्ठीच्या तोंडाशी, राजापूर तर खाडीत पार आत, विजयदुर्गची गलबतं वाघोटन खाडीत. पावसाळ्यात त्या उघड्या दर्याच्या तोंडाला कोण आपला माल ठेवणार? कोचीचं बंदरच मुळी पाण्याने आतून फोडलेलं, १३४१ च्या पेरियारच्या महापुरात मुखाशी वाट मोकळी झाली आणि उत्तरेकडचं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने मागे पडलं असं मानतात. त्यामुळे इथल्या वखारींना दोन दारं, एक रस्त्याला, एक पाण्याला, आणि मोठं असायचं ते पाण्याचं. मी रस्त्यावरून बघत होते ती मागची बाजू होती. टुरिस्ट लोक सूर्यास्ताला जिथे गर्दी करतात तो बीच म्हणजे या गावाचं परसदार.

हे सगळं मला नकाशा बघून कळलं असतं का? नकाशा तर बघितलाच होता.

परत निघालो तेव्हा बाजार रोड वेगळा दिसायला लागला. आता मी प्रत्येक वखारीच्या आरपार बघत होते. एकीत बोटीतून नाही, टेम्पोतूनच पोती उतरत होती, पाण्याचं दार कुलूपबंद, कुलपाला गंज. दुसरीत चक्क आर्ट गॅलरी, बिएनाले हे कलाप्रदर्शन २०१२ पासून इथे भरतं ना, ते सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू दोघंही आपल्या जे.जे.चे. तिसरीत सुंठेचा ढीग आणि ढिगाशेजारी झोपलेला माणूस. आत्याने ढिगातला एक तुकडा उचलून मोडून बघितला, आत रेषा किती आहेत ते तपासलं आणि पुढे चालायला लागली. भाव विचारायला माणूस उठवणं तिला बरं वाटलं नाही. एवढ्या एकाच माणसाला तिने त्या दिवशी काही विचारलं नाही.

कल्वत्तीचा पूल ओलांडला आणि पहिल्याच मेडिकलच्या पाटीवर ६८२००१. आत्याने मला कोपराने ढोसलं.

होमस्टेवाल्या बाईंनी विचारलं, बीचवर जाऊन आलात का. आत्याने मराठीत सांगितलं की बीच मागच्या बाजूला आहे. त्या 'यस यस' म्हणाल्या.

निघायच्या दिवशी घाईघाईत बोटीच्या जेट्टीजवळच्या एका टुरिस्टी दुकानातून सगळ्यांना द्यायला वेलचीची छोटी पाकिटं घेतली, वर हत्ती छापलेला, 'खास केरळची', भाव ऐकून आत्याने माझ्याकडे बघितलं पण काही बोलली नाही. घरी आल्यावर चहाला फोडायला घेतलं तेव्हा तिने चष्मा लावून पाकीट उलटं केलं.

"४००००३."

"म्हणजे?"

"मुंबई तीन. मांडवी, मस्जिद बंदर. भायखळ्याहून दोन स्टेशनं."

मी म्हटलं, आत्या, प्लीज कुणाला सांगू नकोस. रविवारच्या सोसायटी मीटिंगला तिने सगळ्यांना पाकिटं वाटली आणि प्रत्येकाला मागची बाजू वाचून दाखवली.